आर्ट स्कूलची फी भरण्याआधी: कम्प्युटर ग्राफिक्स शिकण्याचा हिशेब

थ्रीडी चित्रं आणि ॲनिमेशन बनवण्याचं ब्लेंडर २००२ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर झालं. २०२५ च्या मार्चमध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळवणारा लाटव्हियाचा ‘फ्लो’ त्याच ब्लेंडरमध्ये तयार झाला. हूडिनी, न्यूक ही स्टुडिओंमध्ये चालणारी सॉफ्टवेअरही शिकण्यापुरती फुकट वापरता येतात, माया संस्थेत नाव असलेल्या विद्यार्थ्यांना फुकट मिळतं, आणि शिकवणारे व्हिडिओ तर आयुष्यभर पुरतील एवढे पडले आहेत. मग तीन-चार वर्षांच्या कोर्सची भरमसाट फी कशासाठी घेतात?

पाच गोष्टींसाठी. काम बघून चूक दाखवणारा जाणकार, चुकवता न येणारी मुदत, बरोबरीने धडपडणारे सोबती, धंद्यातल्या ओळखी आणि पदवीचा कागद. यातला कागद सोडला तर बाकीच्या चार गोष्टी बाहेर सुट्याही मिळतात. म्हणून अख्खं गाठोडं उचलण्याआधी त्यातलं आपल्याला काय हवंय आणि ते सुटं घेतलं तर केवढ्याला पडतं, हे काढायला हवं.

कोणतं काम करायचंय?

‘ग्राफिक्समध्ये करिअर’ हा शब्दप्रयोग हिशेबाच्या कामाचा नाही. मॉडेलिंग (वस्तूचा थ्रीडी आकार घडवणं), टेक्स्चरिंग (त्यावर रंग-पोत चढवणं), लाइटिंग, रिगिंग (पात्र हलवता यावं म्हणून आत सांगाडा बसवणं), ॲनिमेशन, इफेक्ट्स (धूर, पाणी, कापड), कंपॉझिटिंग (वेगवेगळी चित्रं एका फ्रेममध्ये जुळवणं) आणि ग्राफिक्स प्रोग्रॅमिंग ही वेगवेगळी कामं आहेत आणि एकट्याने शिकायला ती सारखी सोपी नाहीत.

साधी कसोटी अशी: चूक स्वतःहून दिसते का? रिग चुकला तर कोपर वाकवल्याबरोबर कातडी चिंबते. सिम्युलेशन (कापड-पाण्याची हालचाल कम्प्युटरकडून काढून घेणं) फसलं तर कापड अंगातून आरपार जातं. कंपॉझिटमध्ये कडा नीट बसली नाही तर काळी किंवा पांढरी किनार दिसते. मॉडेल तर मूळ वस्तूच्या फोटोशेजारी ठेवूनच तपासता येतं. असल्या कामात एकट्याने बरंच पुढे जाता येतं. ॲनिमेशनचं, त्यातही अभिनयाचं, तसं नाही. स्वतः केलेला शॉट शंभर वेळा पाहून डोळा मरतो. पात्राचं वजन डाव्या पायावर गेलंच नाही, हे दुसऱ्याला दोन सेकंदांत दिसतं आणि आपल्याला दोन आठवड्यांतही दिसत नाही. कन्सेप्ट आर्टचंही (पात्रं आणि जागा कशा दिसतील याची आधी काढलेली चित्रं) तेच. इथे दुसऱ्याच्या नजरेसाठी पैसे मोजणं योग्य, फक्त त्यासाठी अख्ख्या कॉलेजची फी भरावी लागतेच असं नाही.

रेंडरर (थ्रीडी दृश्यातून अंतिम चित्र काढणारा प्रोग्रॅम), गेम इंजिन किंवा स्टुडिओची अंतर्गत साधनं लिहायची असतील तर आर्ट स्कूल हा पत्ताच चुकीचा. तिथे व्हेक्टर, मॅट्रिक्स, कॅल्क्युलस आणि सी प्लस प्लस लागतं आणि कम्प्युटर सायन्सची किंवा गणिताची पदवी उपयोगी पडते. या शाखेचा पायाही बऱ्याच अंशी विद्यापीठांत घातला गेला: पुढे पिक्सारच्या संस्थापकांपैकी एक झालेल्या एड कॅटमलची पीएचडी १९७४ सालची, युटा विद्यापीठातली.

सही करण्याआधी १२ आठवडे

प्रवेश घ्यायचा की नाही हे मनाला विचारून कळत नाही. आठवड्याला १२ तास, असे १२ आठवडे काम करा. एकूण १४४ तास. एक वही ठेवा. रोजची तारीख, किती तास बसलात, कुठे अडलात आणि अडल्यावर काय केलंत, एवढंच त्यात लिहायचं. चाचणी संपल्यावर तयार चित्रापेक्षा ही वही जास्त सांगते.

पहिले दोन आठवडे सॉफ्टवेअरशी ओळख करून घेण्याचे. इथे ट्युटोरियल चालेल, नवख्यांकडून डोनट बनवून घेणारं ब्लेंडरचं ते जगप्रसिद्ध ट्युटोरियलही चालेल. तिसऱ्या आठवड्यापासून ट्युटोरियल बंद. घरातली एखादी वापरून झिजलेली वस्तू घ्या: टेबल लॅम्प, कुलूप, हातोडी. तिचे सगळ्या बाजूंनी १५ ते २० फोटो काढा, पट्टीने मापं घ्या आणि खऱ्या मापात मॉडेल बनवा. सहाव्या आठवड्याअखेर ती टेक्स्चरसकट पूर्ण व्हायला हवी.

नवख्यांचं घोडं इथे ठरावीक ठिकाणी अडतं. कडा अगदी धारदार राहतात. खऱ्या वस्तूची कड थोडी तरी गोल असते आणि प्रकाश तिथेच चमकतो, म्हणून बेव्हल (कडेला किंचित गोलाई) दिला नाही की वस्तू खोटी वाटते. बेव्हल एका बाजूला रुंद आणि दुसरीकडे अरुंद पडत असेल तर ऑब्जेक्टचं स्केल ‘अप्लाय’ करायचं राहिलंय. टेक्स्चर ताणलं जातंय का हे बघायला आधी चौकटींचा चेकर लावा. सगळे चौकोन साधारण एकाच आकाराचे दिसले तर यूव्ही (टेक्स्चर बसवण्यासाठी पृष्ठभाग उलगडून केलेला सपाट नकाशा) ठीक आहे. रफनेस (खरखरीतपणा) आणि नॉर्मल (बारीक उठाव) दाखवणारे मॅप ‘नॉन-कलर’ वर ठेवायचे असतात. ते एसआरजीबीवर, म्हणजे रंगीत चित्रांच्या सेटिंगवर, राहिले तर चमक आणि उठाव दोन्ही चुकतात, आणि नवखा माणूस दिवसभर दिव्यांशी झटापट करत बसतो. खड्डे उंचवट्यांसारखे दिसत असतील तर नॉर्मल मॅप डायरेक्टएक्स पद्धतीचा आणि सॉफ्टवेअर ओपनजीएल पद्धतीचं, असा घोळ आहे. हिरवा चॅनेल उलटा केला की सुटतो. आणि सगळ्या पृष्ठभागावर एकसारखा रफनेस देऊ नका. जिथे हात लागतो तिथे वस्तू गुळगुळीत होते, सांदीत धूळ बसते.

सातव्या ते नवव्या आठवड्यात हालचाल. आधी टप्पे खाणारा चेंडू: सेकंदाला २४ फ्रेम धरून ३ सेकंद, म्हणजे ७२ फ्रेम. एकदा टेनिसचा चेंडू, एकदा लोखंडी गोळा. रंग न बदलता फक्त हालचालीवरून फरक कळला पाहिजे. चेंडू जमिनीपाशी तरंगल्यासारखा वाटला तर ग्राफ एडिटरमध्ये (हालचालीचे वक्र दाखवणारी खिडकी) त्या बिंदूवरचे हँडल तोडलेले नाहीत, वक्र तिथे गुळगुळीत वळतोय. मग फुकट मिळणाऱ्या एखाद्या रिगवर (हलवण्यासाठी तयार पात्रावर) २४ फ्रेमची चाल करा. पहिल्या फ्रेमला टाच टेकते, चौथ्याला शरीर खाली जातं, सातव्याला पाय पायाजवळून जातो, दहाव्याला शरीर वर येतं आणि तेराव्याला दुसरा पाय टेकतो. पंचविसावी फ्रेम म्हणजे पुन्हा पहिलीच. ती रेंडरमध्ये घेतली की प्रत्येक फेरीला चाल अडखळते, म्हणून १ ते २४ एवढंच चालवायचं. पात्र जागच्या जागी चालत असेल तर जमिनीवरचा पाय मागे सरकताना वेग एकसारखा हवा, नाहीतर तो घसरल्यासारखा दिसतो.

शेवटचे तीन आठवडे सगळ्यात कंटाळवाणे आणि सगळ्यात बोलके. तिसऱ्या आठवड्यात घेतलेली वस्तू पुन्हा शून्यातून बनवायची. जुनी फाइल उघडायची नाही.

आता वही वाचा. १२ पैकी ९-१० आठवडे तास भरले असतील, अडल्यावर तुम्ही शोधून, विचारून पुढे सरकला असाल आणि दुसरी वस्तू पहिलीपेक्षा कमी वेळात आणि स्पष्टपणे बरी झाली असेल, तर एकट्याने शिकणं तुम्हाला झेपेल. चार आठवड्यांनंतर पानं कोरीच असतील तर तुम्हाला मुदतीचा चाबूक लागतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण त्यासाठी थेट महागड्या कॉलेजात नाव घालू नका. आधी आठ-दहा आठवड्यांचा, ठरलेल्या तारखांचा आणि गृहपाठ तपासणारा छोटा ऑनलाइन कोर्स करून बघा. आणि दुसऱ्यांदा तीच वस्तू करताना जीव नकोसा झाला असेल, तर या धंद्यातलं रोजचं काम तेच आहे हे लक्षात घ्या. शेरा आला की पुन्हा करायचं. आवृत्ती तिसावी असली तरी.

कर्जाचं गणित

फी १०० धरू. ती तीन वर्षांत, दरवर्षीच्या सुरुवातीला तीन समान भागांत कर्ज काढून भरली, व्याज १० टक्के. शिकत असताना सरळ व्याज साठत गेलं तर कोर्स संपताना देणं १२० होतं. ते १० वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता सुमारे १.५९ आणि एकूण परतफेड सुमारे १९०. म्हणजे जवळजवळ दुप्पट. यात राहण्या-खाण्याचा खर्च नाही आणि त्या तीन वर्षांत कमवता आली असती ती रक्कमही नाही.

आता हे पगाराशी लावा. शिकाऊ पदावर हातात येणारा वर्षभराचा पगार आणि एकूण फी सारखी असेल, तर हप्त्यात पगाराचा १९ टक्के भाग जातो. फी दोन वर्षांच्या पगाराएवढी असेल तर ३८ टक्के. पहिल्या मर्यादेपर्यंत कर्ज पेलतं. दुसरीपाशी पोचलात की घरभाडं आणि हप्ता यांच्यातच महिना संपतो. पगाराचा आकडा संस्थेच्या माहितीपत्रकातून घेऊ नका. नुकत्याच लागलेल्या तिघा-चौघांना विचारा आणि सांगितलेल्यातला सर्वांत कमी आकडा धरा.

हा धंदा हप्त्यासारखा दरमहा नेमाने चालत नाही, हेही गणितातच येतं. ‘लाइफ ऑफ पाय’ला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं त्याच महिन्यात, फेब्रुवारी २०१३ मध्ये, ते काम करणाऱ्या रिदम अँड ह्यूजने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. २०२३ मध्ये हॉलिवूडच्या लेखकांचा संप १४८ दिवस आणि कलाकारांचा ११८ दिवस चालला आणि जगभरच्या इफेक्ट्स स्टुडिओंचं काम आटलं. २०२५ च्या सुरुवातीला इफेक्ट्स स्टुडिओ चालवणारा टेक्निकलर समूह कोसळला. बँकेचा हप्ता मात्र अशा वेळी थांबत नाही. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला काढून ठेवता येणार नसतील तर तेवढं मोठं कर्ज काढू नका.

संस्था तपासताना

शितावरून भाताची परीक्षा इथे फसते, कारण संकेतस्थळावर लावलेली शितं निवडून काढलेली असतात. पहिल्या तिघांचे शोरील (निवडक कामांचे छोटे व्हिडिओ) बघून काही ठरवू नका. ती मुलं कुठेही चमकली असती. गेल्या दोन वर्षांत बाहेर पडलेल्या एका बॅचमधली १५-२० नावं शोधा आणि मधल्या फळीतली मुलं आज काय करतात ते बघा. तुम्ही बहुधा त्या फळीत असाल.

संस्थेला विचारायचे प्रश्न मोजकेच, पण उत्तरं लेखी घ्या. शिकवणाऱ्यांनी स्टुडिओत शेवटचं काम कोणत्या वर्षी केलं? प्रत्येक विद्यार्थ्याच्या कामावर आठवड्याला किती मिनिटं चर्चा होते? (२५ जणांचा वर्ग आणि तीन तासांचं सत्र म्हणजे वाट्याला सात मिनिटं.) ‘९० टक्के प्लेसमेंट’ म्हणजे कोणत्या पदावर, कितव्या महिन्यात, आणि मुलांनी स्वतः शोधलेल्या नोकऱ्या त्यात धरल्या आहेत का? मध्येच सोडलं तर किती पैसे परत? पहिल्या वर्षात निवडलेल्या शाखेच्या सॉफ्टवेअरला किती तास आणि रेखाटनासारख्या पायाभूत विषयांना किती? शेवटचा प्रश्न आता जास्त टोचतो. चित्रं तयार करणारी एआय साधनं वर्षा-वर्षाला कामाची पद्धत बदलत असताना तीन वर्षांचा अभ्यासक्रम बटणांवर बेतलेला असेल तर पदवी हातात येईस्तोवर तो शिळा होतो. रेखाटन, प्रकाश, शरीररचना आणि रचनेवर भर असेल तर टिकतो.

संस्थाच उद्या असेल का, हेही विचारा. फिलाडेल्फियाच्या युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्सने ३१ मे २०२४ रोजी बंद होत असल्याचं जाहीर केलं आणि ७ जूनला दारं लावली. त्याआधी सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या आर्ट इन्स्टिट्यूट्सची उरलेली आठही केंद्रं एकदम बंद झाली. संपूर्ण फी एकरकमी भरल्यास सवलत मिळत असली तरी सत्रागणिक भरणं शहाणपणाचं.

कागद कधी लागतो

स्टुडिओत भरती करणारा माणूस शोरील बघतो, पदवी क्वचितच विचारतो. पदवी विचारतं ते परदेशाचं व्हिसा कार्यालय. अमेरिकेच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी कामाशी संबंधित विषयातली पदवी किंवा तिच्या तोडीचा अनुभव लागतो, आणि तिथे अभ्यासाच्या एका वर्षाच्या बदल्यात अनुभवाची तीन वर्षं मोजतात. चार वर्षांच्या पदवीची भरपाई करायची तर १२ वर्षं. जपानमध्ये अशा कामाच्या व्हिसासाठी साधारणपणे पदवी किंवा १० वर्षांचा अनुभव मागतात. दुसऱ्या देशात काम करण्याचा इरादा पक्का असेल तर पदवी घ्याच. मात्र ती सर्वांत महागड्या संस्थेचीच हवी असं काही नाही, आणि महागड्या संस्थेचा डिप्लोमा म्हणजे पदवी नव्हे. अनेकांना हा फरक अर्ज फेटाळला गेल्यावर कळतो. परवडणाऱ्या कॉलेजातली पदवी आणि संध्याकाळी स्वतःचा सराव, ही जोडी बहुतेकांसाठी सर्वांत कमी धोक्याची.

एकट्याने शिकायचं ठरलं तर

आधी तासांचा अंदाज घ्या. पूर्णवेळ कोर्समध्ये आठवड्याला ४० तास आणि वर्षाला ३२ आठवडे धरले तर तीन वर्षांत ३,८४० तास होतात. त्यातले निम्मेच तुमच्या शाखेचे असले तरी १,९२०. नोकरी सांभाळून आठवड्याला १४ तास, वर्षाचे ५० आठवडे, म्हणजे ७०० तास. सरळ भागाकार केला तर पावणेतीन वर्षं लागतात. ‘सहा महिन्यांत थ्रीडी आर्टिस्ट’ म्हणजे पी हळद आणि हो गोरी.

मशीनवर फार खल नको. १६ जीबी रॅममध्ये सुरुवात होते, स्कल्प्टिंग (मातीसारखा आकार घडवणं) आणि सिम्युलेशनसाठी ३२ लागते. ग्राफिक्स कार्डाचा वेग थोडा कमी चालेल, पण मेमरी ८ जीबीच्या खाली नको; वेग कमी असला तर थांबावं लागतं, मेमरी संपली तर रेंडर बंदही पडू शकतो. सुरुवातीला लहान पेन टॅब्लेट पुरतो.

परवान्यांकडे मात्र लक्ष द्या. मायाचा विद्यार्थी परवाना पैसे घेऊन केलेल्या कामासाठी चालत नाही. हूडिनी अप्रेंटिसच्या रेंडरवर वॉटरमार्क येतो, आणि त्यात केलेली फाइल पूर्ण परवान्याच्या हूडिनीत उघडली तर ते सत्रही अव्यावसायिक होऊन बसतं. स्टुडिओत चुकूनसुद्धा असं करू नये.

ट्युटोरियलचं प्रमाण एकास तीन ठेवा: एक तास पाहिलं तर तीन तास ते न बघता काहीतरी वेगळं बनवायचं. बघताना सगळं समजतं आणि कोरी फाइल उघडली की हात थिजतो, हा अनुभव ट्युटोरियलमागून ट्युटोरियल करणाऱ्या प्रत्येकाला येतो. कारण उघड आहे. कोणत्या क्रमाने काय करायचं, हा कामातला सगळ्यात अवघड निर्णय शिकवणाऱ्याने आधीच घेऊन टाकलेला असतो.

चूक दाखवणारा माणूस विकत घ्यायचा तर पंधरा दिवसांतून एक तास पुरतो. वर्षाला २६ सत्रं. त्यांची एकूण किंमत वार्षिक फीशेजारी लिहून बघा. सत्राआधी दोन दिवस काम पाठवा, सोबत संदर्भचित्र जोडा आणि प्रश्न नेमका विचारा. ‘कसं वाटतंय?’ ला ‘छान’ असंच उत्तर मिळतं. ‘मागच्या भिंतीचा प्रकाश चेहऱ्यावरून नजर ओढतोय का?’ ला उपयोगी उत्तर मिळतं. काम कच्चं असतानाच दाखवा, कारण टेक्स्चर चढवल्यावर प्रमाण चुकल्याचं कळलं तर दुरुस्ती करायला जीव होत नाही आणि माणूस स्वतःची बाजू मांडत बसतो. एकच शेरा तीनदा आला की पुढच्या महिन्याचा सराव त्याचाच.

एकट्याने शिकलेल्यांची खरी उणीव निराळीच असते: दुसऱ्याच्या फाइलवर काम केलेलं नसतं. वर्षातून एकदा तरी तिघा-चौघांनी मिळून १५ सेकंदांची फिल्म आठ आठवड्यांत करा. एकाचं मॉडेल, दुसऱ्याचा रिग, तिसऱ्याची लाइटिंग. पहिल्याच आठवड्यात फाइलचं नाव कसं द्यायचं ते ठरवा: वस्तू, टप्पा, आवृत्तीचा तीन आकडी क्रमांक. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘फायनल खरंच शेवटचं’ यातली कोणती घ्यायची यावरून चांगल्या दोस्त्या बिघडल्या आहेत. रिगर काम करत असताना मॉडेलची टोपोलॉजी (पृष्ठभागाच्या जाळीची रचना) बदलली तर स्किनिंग (ती जाळी सांगाड्याला जोडण्याचं काम) वाया जातं. हे पुस्तकात वाचून पटत नाही. एकदा स्वतःच्या हातून सोबत्याचे दोन दिवस फुकट गेले की पटतं.

शोरील आणि वर्षअखेरची तपासणी

६० ते ९० सेकंद. चार-पाच कामं, सर्वांत चांगलं पहिलं. सुरुवातीलाच नाव, कोणत्या पदासाठी आणि संपर्क. मॉडेलिंगचं असेल तर टर्नटेबल (गोल फिरणारं मॉडेल) आणि वायरफ्रेम (त्याची उघडी जाळी) दाखवा. गेमसाठी असेल तर ट्रँगलची (मॉडेल ज्यांनी बनतं त्या त्रिकोणांची) संख्या आणि टेक्स्चरचा आकार लिहा, आणि काम अनरीलसारख्या गेम इंजिनात चालतं हे दाखवा. सामूहिक शॉटमध्ये तुमचा वाटा कोणता ते तिथेच लिहा. ट्युटोरियलमधून केलेलं काम टाकू नका, बघणाऱ्याने तोच डोनट शेकडो वेळा पाहिलेला असतो. आणि सर्वांत कमजोर काम काढून टाका. आठवणीत तेच राहतं.

बाराव्या महिन्यात आपलं शोरील नुकत्याच नोकरीला लागलेल्या तिघांच्या शोरीलशेजारी, आवाज बंद करून लावा. फरक नेमक्या शब्दांत सांगता आला, म्हणजे ‘माझी लाइटिंग सपाट आहे’, ‘माझ्या हातापायांना वजन नाही’, तर त्या एका विषयाचा आठ-दहा आठवड्यांचा कोर्स घ्या आणि पुढे चला. फरक दिसतोय पण कशामुळे ते सांगता येत नसेल, तर पंधरवड्याचं सत्र सहा महिने आठवड्यावर आणा. आणि मार्गदर्शक, मुदत, सोबती असं सगळं लावूनही वर्षभरात वही कोरीच राहिली असेल, तर मग आठवड्याचे पाच दिवस वर्गात बसवणारी संस्था शोधा; फी एका वर्षाच्या शिकाऊ पगाराच्या आत, भरणा सत्रागणिक.